काळ्या गाडीवरचं पांढरं

मी गाड्या पॉलिश करतो. सोलापुरात, अक्कलकोट रोडला पत्र्याचं शेड आहे. शेड भाड्याचं, मशीन माझं. राहायला बुधवार पेठेत. पोरांनी सांगितलं, अंकासाठी काहीतरी लिही. म्हटलं, काय लिहू? कविता मला येत नाही. भाषण त्याहून येत नाही. पोरं म्हणाली, तुला जे येतंय ते लिही की बे.

तर मला पांढरं काढता येतं. त्यावर लिहितो.

पांढरं म्हणजे पॉलिशचं उरलेलं. मशीननं गाडी घासली की कंपाउंडचा एक पातळ थर रंगावर राहतो. ताजा असला तर फडक्याच्या एका हातात निघतो. नाही निघाला तर धरून बसतो. कुठं ढगासारखा, कुठं ठिपके, कुठं बोटं ओढल्यासारखे फराटे. पांढऱ्या गाडीवर तो दिसत नाही. काळ्या गाडीवर लपत नाही. आणि सोलापुरात ज्याच्याकडं चार पैसे येतात त्याला काळीच गाडी पाहिजे असते. एवढं ऊन, एवढा फुफाटा, तरी काळीच.

हसू नका. शहरातल्या कुठल्याही वॉशिंग सेंटरवर जाऊन उभे राहा. पाण्याची गन कोणाच्या हातात आहे बघा. चाकाच्या कमानीत, सायलेन्सरखाली, गुडघ्यावर बसून चिखल काढणारा पोरगा कुठल्या वस्तीतला आहे विचारा. मग आत, पंख्याखाली, मशीन कोणाच्या हातात आहे ते बघा. नेहमीच असं असतं असं म्हणत नाही. पण मी ज्या सेंटरवर लागलो तिथं तीन वर्षं पाणीच मारलं. मशीनजवळ गेलो की मालक म्हणायचा, तू तिकडं हो, रंग जळतो. पाणी मारणाऱ्याची हजेरी आणि मशीन धरणाऱ्याची हजेरी यात तिथं दुपटीचा फरक होता. दोघांच्या हातात फरक काय होता? एकाला सांगितलेलं होतं, एकाला सांगितलेलं नव्हतं. एवढाच. म्हणून जे मला सांगितलं गेलं ते इथं सांगतो. गन धरून कंटाळलेला एखादा वाचत असेल तर त्याच्यासाठी.

मला सांगणारा माणूस विजापूर वेशीतला. आम्ही उस्तादच म्हणायचो. म्हातारा पेंटर, अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यातला. त्या गाड्यांना रंगाचाच थर असायचा, वर काही नाही. कंपाउंड लावून घासलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. निळी गाडी, निळं फडकं. उस्ताद म्हणायचे, तेव्हा कळायचं किती घासलं ते. आता कळत नाही. आताच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात. तो फडक्याला लागला तरी पांढराच दिसतो. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन धरा. केसापेक्षा बारीक कातडी आहे ती, आणि गाडीची सगळी चमक त्या कातडीत आहे. म्हणून पांढरं निघत नाही म्हणून कोणी नखानं, कोरड्या फडक्यानं, जोर लावून खरवडायला लागला की माझ्या पोटात गोळा येतो. पांढरं निघतं, पण त्याखाली ओरखड्यांचं जाळं पडतं. मग ते जाळं काढायला परत मशीन. परत पांढरं.

कंपाउंड म्हणजे काय ते बघू. डबा उघडला तर दह्यासारखं दिसतं. त्यात घासणारी भुकटी असते, बहुतेक अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड. पाणी असतं. आणि तेल, तेलाच्या जातीतले आणखी द्रव (इथंही जात आलीच), भुकटीला ओलं आणि निसरडं ठेवायला. मशीन फिरतं, गरमी तयार होते, पाणी आधी उडून जातं. तेल मागं राहतं. तेलही आटलं की भुकटी रंगाला धरते. त्यात क्लिअर कोटचा निघालेला भुगा मिसळतो. हे सगळं मिळून जे होतं ते सिमेंटचं भाऊबंद.

आता यात सोलापूरचं ऊन घाला. मे महिन्यात ४३, ४४ डिग्री हे आम्हाला बातमीसुद्धा वाटत नाही. उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवता येत नाही, भाकरीचा तवाच. त्या बॉनेटवर कंपाउंड टाकलं तर मशीन चालू व्हायच्या आत त्यातलं पाणी गेलेलं असतं. थंड मुलखातल्या माणसानं लिहिलेली डब्यावरची सूचना इथं चालत नाही. तो म्हणतो दोन बाय दोन फुटाच्या जागेत पसरा. आमच्याकडं उन्हाळ्यात एक बाय दीड. तो म्हणतो मिनिटभर फिरवा. आमच्याकडं अर्ध्यातच बघावं लागतं. मी मार्चपासून जूनपर्यंत पहाटे पाचला शेड उघडतो. नऊपर्यंत मशीन, मग बंद. दुपारी काचा, सीट, आतलं काम. संध्याकाळी पत्रा गार झाला की पुन्हा. गाडी आली की सावलीत तास-दीड तास नुसती उभी ठेवायची. मालक घाई करतो. करू द्या. पत्र्यावर तळहात ठेवून दहापर्यंत मोजता आलं तरच मशीन लावायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे हात सैल सोडू नका. कंपाउंड जास्त टाकलं की जास्त चमक येते असं पोरांना वाटतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. जास्त झालं की ते पॅडमध्ये शिरतं, पॅड भरतो, भरलेला पॅड घासत नाही, नुसता लिंपतो. मेल्या कंपाउंडचा चिखल गोल गोल फिरवत राहतो आणि गरम करून रंगावर भाजून काढतो. निम्मं पांढरं इथं जन्माला येतं. एक दरवाजा झाला की पॅड ब्रशनं झाडायचा, हवा असेल तर हवा मारायची. सहा-सात पॅड ठेवावेत. एका पॅडवर अख्खी गाडी काढणारे बघितलेत मी. त्यांच्या गाड्या दोन दिवसांनी माझ्याकडं येतात, त्यामुळं त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

बरं. तरीही बसलं पांढरं. आता काय?

आधी ते पांढरं कसलं आहे ते ओळखायचं. हे कोणी करत नाही. पांढरं दिसलं की पॉलिश राहिलं असं म्हणून मोकळे. यावरून एक प्रसंग सांगतो. त्या माणसाचं नाव, पेशा, वस्ती काही लिहीत नाही. जिवंत आहे, गाडीही आहे.

त्याची काळी गाडी मी केली. दोन दिवस लागले. पाच हजार ठरले होते, तीन दिलेले, दोन बाकी. चौथ्या दिवशी गाडी घेऊन आला, बरोबर एक मित्र. बॉनेटवर, डिकीवर, टपावर पांढरे गोल गोल डाग. म्हणाला, "हे काय केलास बे? पॉलिश केलास का चुना फासलास?" मी वाकून बघत होतो. तो मित्राकडं वळून म्हणाला, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात, "यांना घाण कशी दिसणार? पिढ्यान्‌पिढ्या त्यातच..." वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. मित्र हसला.

माझा भाचा तिथं होता. सतरा वर्षांचा. त्याच्या हातात पाण्याची गन होती. मी त्याला म्हटलं, जा, मोडावरच्या चायनीजच्या गाड्यावरनं वाटीभर पांढरं व्हिनेगर आण.

त्या माणसाला विचारलं, गाडी धुतली का मधे? धुतली, परवा. कोणी? ड्रायव्हरनं. कुठल्या पाण्यानं? बोअरच्या. उन्हात का? मग काय देवघरात धुणार का?

आमच्या सोलापूरच्या बोअरचं पाणी तुम्हाला माहीत आहे. काळ्या दगडातून आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं, जड. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, बादलीला आतून पांढरी कड धरते. आम्ही वाढलो तेव्हा नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी यायचं, उजनीचं. ते प्यायला. बाकी सगळं बोअर. म्हणजे पाण्याचा पांढरा डाग काय असतो ते आम्हाला कोणी शिकवायला नको. उन्हात तो थेंब सुकला की पाणी जातं आणि क्षार तिथंच बसतात, थेंबाच्या आकारात, गोल.

व्हिनेगर आलं. निम्मं पाणी घातलं. डिकीवरच्या एका डागावर दोन थेंब, थोडं थांबलो, ओल्या टॉवेलनं टिपलं. गेला. दुसरा, गेला. मग बाटलीतलं अल्कोहोल घेतलं आणि तिसऱ्या डागावर लावलं. हलला नाही. म्हटलं, साहेब, पॉलिश असतं तर यानं हललं असतं. पॉलिश तेलाचं असतं. हे तुमच्या बोअरचं आहे. आंबटानं जातं. त्यानं स्वतः बोट लावून बघितलं. मित्र मोबाइल बघायला लागला.

डिकी मी पुरी करून दिली, लगेच पाण्यानं धुतली, कारण व्हिनेगर रंगावर ठेवायचं नसतं. बॉनेट आणि टपाचे वेगळे पैसे सांगितले. तो म्हणाला राहू दे. राहिलेले दोन हजार काढले आणि बॉनेटवर ठेवले. हातात दिले नाहीत. बॉनेटवर. मी उचलले, आणि नोटांखालची जागा पुसली.

भाचा रात्री घरी विचारत होता, मामा, तू त्याला बोलला का नाहीस? मी म्हटलं, बोललो की. तो म्हणाला, ते पाण्याचं बोललास. यावर आमचं दोघांचं अजून मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं, दोन हजार गेले असते तर गेले असते. माझं म्हणणं, शेडचं भाडं पाच तारखेला असतं. तुम्ही तरुण आहात, तुम्ही बहुतेक त्याच्या बाजूचे असाल.

तर पांढरं तीन प्रकारचं. एक पॉलिशचं. दोन पाण्याचं. तिसरं पांढरं नसतंच. उन्हात गाडी तिरकी बघितली की पंख्याच्या पात्यासारखे वळणदार धुरकट फराटे दिसतात, माणूस सरकला की तेही सरकतात. ते मशीनचे ओरखडे. गोल फिरणाऱ्या मशीनला लोकरीचा पॅड लावून, तिरकं धरून, जोरात चालवलं की पडतात. अल्कोहोलनं जात नाहीत, व्हिनेगरनं जात नाहीत, शांपूनं जात नाहीत. तेलकट मेण फासलं की झाकतात आणि दोन धुण्यांनंतर पुन्हा वर येतात. असं झाकून गाडी देणारे पुष्कळ. त्याला इलाज एकच, मऊ स्पंजाचा पॅड, बारीक कंपाउंड, कमी वेग, आणि डबल अॅक्शन मशीन असलं तर उत्तम. ते गोल फिरतं आणि जागच्या जागी हिंदकळतंही, त्यामुळं एकाच वळणाचे फराटे पडत नाहीत. रंग जळायची भीतीही कमी. नवख्या पोरानं सुरुवात त्याच मशीननं करावी. मालक लोक पोरांना पहिल्यांदा गोल मशीन देतात, कारण ते स्वस्त, आणि मग रंग जळाला की पगार कापतात.

आता खरं पॉलिशचं पांढरं. यात घाई नको. आधी पत्रा गार. मग स्वच्छ टॉवेलवर साधं पाणी फवारा, गाडीवर नको, टॉवेलवर. पाणी बोअरचं घेऊ नका, नाहीतर एक पांढरं काढून दुसरं बसवाल. फिल्टरचं घ्या. ओला टॉवेल डागावर नुसता ठेवा, अर्धा मिनिट. जखमेवरची पट्टी भिजवून काढतो तशी. मग हलक्या हातानं ओढा. निम्म्या वेळा इथंच काम होतं. तोंडाची वाफ टाकून पुसणारे उस्ताद मी बघितलेत, चश्मा पुसतात तसं. छोट्या डागाला तेही चालतं.

नाही निघालं, नुसतं फासलं जातंय, इंद्रधनुष्यासारखा तेलकट पट्टा दिसतोय, म्हणजे तेल मागं आहे. तिथं आयसोप्रोपिल अल्कोहोल. एका भागाला पाच-सहा भाग पाणी. याहून कडक करू नका. नवीन रंगवलेल्या पत्र्यावर तर लावूच नका, तो रंग आतून अजून ओला असतो, मऊ पडतो. ताज्या रंगावर पांढरं जास्त चिकटतं तेही त्याचमुळं. एका टॉवेलनं लावायचं, लगेच दुसऱ्या कोरड्यानं उचलायचं. आणि जवळपास बिडी नको. अल्कोहोल पेट घेतं.

तरीही बसून असलं, भाजलेलं, नखाला खरखरीत लागतंय, तर ताजं कंपाउंड. हे कोणाला पटत नाही. घाण काढायला परत तीच घाण? पण ताज्या कंपाउंडातलं तेल सुकलेल्या कंपाउंडाला मऊ करतं. स्वच्छ मऊ पॅड, दोन ठिपके, सगळ्यात कमी वेग, वरून भार नाही, नुसतं मशीनचं वजन. दहा-पंधरा सेकंद. ओलं आहे तोवरच पुसायचं. उस्ताद याला म्हणायचे, रुसलेल्या माणसाला त्याच्या घरचंच माणूस बोलवायला पाठवावं. त्यांची भाषा अशी.

स्वस्त पॉलिशात मेण भरपूर असतं. त्या मेणाला अल्कोहोल लागू पडत नाही. तिथं मिनरल टर्पेंटाइन, फडक्यावर चार थेंब, आणि नंतर शांपूनं धुवायचं. पण थिनर नाही. पेंटरच्या दुकानातलं साधं एनसी थिनर घेऊन गाडी पुसणारा पोरगा मी बघितलाय. डाग गेला, त्याबरोबर त्या जागेची चमकही गेली. जुन्या रंगाला, पुन्हा मारलेल्या रंगाला, प्लास्टिकच्या बंपरला आणि दिव्याच्या काचेला ते खातं.

आणि टॉवेल. यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण हे सोलापूर आहे.

आमच्या गावची चादर आणि आमच्या गावचा टेरी टॉवेल, दोघांना भौगोलिक मानांकन आहे. माझी आई टॉवेलच्या कारखान्यात दोरे कापायची आणि कडेची शिलाई मारायची. घरात दोषाचे टॉवेल असायचे, एका कडेला जास्त आखूड, फुलाचा अर्धाच नक्षा. मी मशीन घेतलं तेव्हा आई गठ्ठा घेऊन आली, म्हणाली, पुसायला घे. तिला कसं सांगायचं? टेरी टॉवेल अंगाला चांगला. क्लिअर कोटला नाही. आमच्या जड पाण्यात दोन-चार वेळा धुतला की त्याचे सुती वेढे ताठ होतात, उन्हात वाळले की काट्यासारखे. आणि कडेची ती शिलाई, आईच्या हातची, ती तर काळ्या रंगावर रेघच ओढते. मी ते टॉवेल चाकांना, दाराच्या खाचांना, हात पुसायला वापरतो. रंगाला मायक्रोफायबर लागतं. पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीचा धागा, रेशमापेक्षा बारीक, त्याला उभी चीर दिलेली. त्या चिरेत भुकटी उचलली जाते, ढकलली जात नाही. माझ्याकडचे सगळे चीनमधून आलेले. टॉवेलांच्या गावात टॉवेल चीनचा. आईनं हात फिरवून बघितला, म्हणाली, याला कड कुठाय? कड नसलेलेच मी घेतो.

उस्तादांच्या काळात पुसायला कॉटन वेस्ट असायचं, सूतगिरणीतलं उरलेलं सूत, गुंताडा. या शहरातली जुनी मिल १८७७ साली चालू झाली, मुरारजी गोकुळदासांची. मुरारजी पेठ हे नाव त्यांचंच. मग आणखी मिल आल्या आणि एकेक करून बंद पडल्या. गिरण्यांचं सूत गॅरेजमध्ये गाड्या पुसायचं. पण त्या सुताच्या जगात आपली जागा कुठं होती ते मला बरंच उशिरा वाचायला मिळालं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. का, तर धोट्यातला धागा तुटला की तोंडानं ओढून काढावा लागायचा. धोटा एकाच्या तोंडाला लागलेला दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून विणकाम, जिथं पगार चांगला, ते सवर्ण कामगारांचं, आणि आपल्याला कताईखातं, कमी पैशाचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न घातला, की विणकाम खातं आम्हाला खुलं करा. युनियनवाल्यांना तो प्रश्न अडचणीचा वाटला. हे वाचताना मला पाणी मारण्याची ती तीन वर्षं आठवली. तू तिकडं हो, रंग जळतो. त्या वाक्यात विटाळाचा शब्द नाही. रंग खरंच जळतो. तेवढं मात्र खरं आहे, म्हणूनच त्याला उत्तर देता येत नव्हतं, मशीन शिकूनच द्यावं लागलं.

टॉवेलची निगा सांगून पुढं जातो. चार घड्या घालायच्या, म्हणजे आठ बाजू मिळतात. एक बाजू पांढरी झाली की पालटायची. आठही झाल्या की टॉवेल बाजूला, परत गाडीला लावायचा नाही. जमिनीवर पडला तरी बाजूला, एक खडा पुरतो. सुती कपड्यांबरोबर धुवायचा नाही, सुताचा कचरा त्यात अडकतो. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी घालायचं नाही, धागा बुजतो. फार गरम पाणी नाही. सावलीत वाळवायचा.

आता भुकटीचं. हे मी पोरांच्या आयांसाठी लिहितोय असं समजा. सुकलेलं पांढरं कोरडं पुसलं की उडतं. पिठाच्या गिरणीवाल्यासारखे आम्ही संध्याकाळी दिसतो. भुवया पांढऱ्या, नाकात पांढरं. अॅल्युमिनाची धूळ छातीला बरी नाहीच. काही कंपाउंडात आणि घासायच्या पुडीत सिलिका असते. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली तर काय होतं ते खडी केंद्रावर आणि दगड घडवण्यावर आयुष्य काढलेल्या वस्त्यांना सांगायला नको. सिलिकोसिस म्हणतात, आणि झालेला परत जात नाही. फडकं बांधून काही होत नाही, फडक्याच्या विणीतून ती धूळ सरळ जाते. एन-९५ मास्क घाला. गरम होतं, घाम येतो, पोरं गळ्यात लटकवतात. भाचा खोकायला लागला तेव्हा मी शेडमध्ये नियम केला, कोरडं पुसायचं नाही. आधी ओलं, मग पुसणं. त्यानं रंगही वाचतो. डॉक्टरनं सध्या छाती साफ आहे म्हणून सांगितलंय. भाच्याला आता मशीन दिलंय, डबल अॅक्शन. गन मीच धरतो कधी कधी, पाठ सरळ होते.

या एप्रिलमध्ये आमच्या मंडळाची जीप त्यानं केली. जुनी, वीस वर्षांपूर्वीची, निळी. रथाच्या पुढं चालणार होती. तेराव्या तारखेच्या रात्री आठला मंडळाची पोरं गाडी सोडून गेली, सकाळी सातला पाहिजे म्हणून. त्याआधी कोणीतरी हातानं मेण फासलं होतं, चेपून चेपून, आणि बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर, काचेच्या रबरावर, बीडिंगच्या खाचेत सगळीकडं पांढरं भरून ठेवलेलं. काळ्या प्लास्टिकवरचं पांढरं हे सगळ्यात हट्टी. ते प्लास्टिक खरबरीत असतं, मेण त्याच्या खड्ड्यात बसतं. शहाणा माणूस आधीच चिकटपट्टी लावून झाकतो. इथं उशीर झालेला होता. साबण आणि मऊ टूथब्रश लावून बघितला, थोडं निघालं, थोडं राहिलं. मेणाला तेल. अमेरिकेत म्हणे यासाठी शेंगदाण्याचं लोणी चोळतात. आम्ही सोलापूरचे, शेंगाचटणीच्या गावचे, आम्हाला ते ऐकून हसू आलं होतं. पण त्यातलं तत्त्व बरोबर आहे. भाचा घरी गेला, आजीकडनं वाटीत शेंगतेल घेऊन आला. ब्रश तेलात बुडवून बंपरवर गोल गोल. मेण मऊ पडून वर आलं. मग शांपूचं पाणी, नाहीतर तेलावर धूळ बसते. खाचेतलं काढायला काडीला मायक्रोफायबरचं टोक गुंडाळलं.

आई बाराच्या सुमाराला चहा घेऊन आली, नातू काय करालाय बघायला. दारात उभी राहिली, मग आत येऊन तिनं आपल्या गठ्ठ्यातला एक टॉवेल उचलला आणि चाकं पुसायला बसली. नको म्हटलं तर म्हणाली, चाकाला चालतो म्हणालास ना? चारही चाकं तिनं केली. अडीचला भाच्यानं मागच्या दाराच्या बीडिंगमधलं शेवटचं पांढरं काढलं, दिवा तिरका धरून सगळीकडून बघितलं, आणि मला बोलावलं. मी बघितलं. डाव्या आरशाखाली एक बोटभर राहिलं होतं. ते त्याला दाखवलं.